शबद, सेवा आणि यंत्र : शीख मूल्यपरंपरा व आधुनिक तंत्रज्ञान यांच्या संबंधाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

धर्म आणि तंत्रज्ञान यांच्या संबंधाविषयी आपल्याकडे बहुधा दोन टोकांच्या भूमिका घेतल्या जातात. यंत्रयुग आले की धर्मश्रद्धेला ओहोटी लागते, ही एक भूमिका. आजच्या सर्व शोधांचे मूळ आमच्या प्राचीन ग्रंथांत आहे, ही दुसरी. या दोन्ही भूमिका इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाहीत. प्रत्यक्षात धर्मसमाज एखादे तंत्र स्वीकारतो, एखाद्यावर अटी घालतो, तर एखाद्याला दीर्घकाळ दाराबाहेर थांबवून ठेवतो. ही निवड कोणत्या निकषांवर होते, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी शीख धर्माचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते. शीख परंपरेत गुरुपद एका ग्रंथाकडे आहे. ग्रंथ म्हटला की कागद, शाई, बांधणी आणि नक्कल करणारा हात हे सर्व ओघानेच आले. म्हणजे ग्रंथनिर्मितीच्या तंत्रात होणारा प्रत्येक बदल या धर्माच्या केंद्रस्थानाला स्पर्श करतो. प्रस्तुत लेखात मुद्रण, लंगर, प्रसारण आणि संगणक या चार क्षेत्रांच्या आधारे या संबंधाचा आढावा घेतला आहे. तंत्रज्ञान स्वीकारावे की नाही, या प्रश्नापेक्षा यंत्राने निर्माण केलेल्या प्रतीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न शीख समाजापुढे अधिक तीव्रतेने उभा राहिला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मूल्यांची चौकट

गुरू नानक (१४६९–१५३९) यांच्या शिकवणीचा सारांश परंपरेने तीन सूत्रांत सांगितला जातो : नामस्मरण करणे, कष्टाची प्रामाणिक कमाई करणे आणि मिळालेले वाटून खाणे. पंजाबीत यांना नाम जपणे, किरत करणे व वंड छकणे असे म्हणतात. स्वतः गुरू नानकांनी आयुष्याच्या उत्तरार्धात करतारपूर येथे शेती केली. हातांनी केलेल्या कामाला या परंपरेत कमीपणा नाही. सुतार, लोहार, शेतकरी अशा श्रमजीवी समाजघटकांना येथे सन्मानाचे स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पूर्व आफ्रिकेतील युगांडा रेल्वेच्या बांधणीसाठी पंजाबातून जे कारागीर गेले, त्यांत शीख सुतार-लोहारांची संख्या लक्षणीय होती. यंत्राशी या समाजाचे नाते जुळण्यास श्रमप्रतिष्ठेची ही पार्श्वभूमी साहाय्यभूत झाली, असे म्हणता येते.

दुसरे मूल्य शबदाचे. पाचवे गुरू अर्जन यांनी अमृतसर येथे रामसर तळ्याच्या काठी आदिग्रंथाचे संकलन केले. भाई गुरदास यांनी तो लिहून घेतला व १६०४ मध्ये त्याची हरमंदिर साहिबात स्थापना झाली. या ग्रंथात केवळ शीख गुरूंची वाणी नाही. कबीर, रविदास, शेख फरीद यांच्यासमवेत महाराष्ट्राच्या संत नामदेवांची ६१ पदे त्यात समाविष्ट आहेत. पुढे १७०८ मध्ये नांदेड येथे दहावे गुरू गोविंदसिंग यांनी देहधारी गुरूंची परंपरा समाप्त करून गुरुपद ग्रंथाकडे सोपविले. मराठी वाचकाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. ज्या घटनेमुळे पुढील काळात मुद्रण, ध्वनिक्षेपक व संगणक हे धार्मिक प्रश्न बनले, ती घटना गोदावरीच्या काठी घडली.

तिसरे मूल्य मर्यादेचे. ग्रंथ चांदव्याखाली, गादीवर, रुमाल्यात ठेवणे, वर चवरी ढाळणे, रात्री विश्रांतीसाठी नेणे, हा व्यवहार एखाद्या पुस्तकाशी केलेला नसून जिवंत गुरूशी केलेला असतो. शबद सर्वांसाठी खुला असावा आणि त्याची मर्यादा राखली जावी, या दोन अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणे हस्तलिखितांच्या काळात तुलनेने सोपे होते. यंत्राने त्यांच्यात ताण निर्माण केला.

२. लेखणीपासून छापखान्यापर्यंत

हस्तलिखित बीड (ग्रंथाची प्रत) तयार करणे हे अनेक महिन्यांचे काम असे. लेखकाचा हात, त्याची अक्षरवळणे आणि क्वचित त्याच्या चुकाही त्या प्रतीत उतरत. प्रतींच्या परंपराही एकाहून अधिक होत्या. करतारपुरी बीड, भाई बन्नो यांच्या नावाने ओळखली जाणारी बीड आणि गुरू तेगबहादूर यांच्या रचनांचा समावेश असलेली दमदमी बीड ही त्यांची ठळक नावे होत.

गुरुमुखी लिपीचे छापखान्यातील आगमन मिशनऱ्यांच्या द्वारे झाले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८३० च्या दशकात लुधियाना येथे छापखाना सुरू केला. त्याच मिशनने १८५४ मध्ये पंजाबी भाषेचा शब्दकोश प्रसिद्ध केला. या छापखान्याचा मुख्य हेतू ख्रिस्ती धर्मप्रसाराचा होता. परंतु लिपीचे खिळे एकदा तयार झाले की ते कोणत्याही मजकुरासाठी जुळवता येतात. १८६० च्या दशकात लाहोर येथे गुरू ग्रंथसाहिबाच्या छापील प्रती निघू लागल्या. धर्मप्रसाराला उत्तर देणाऱ्या सिंग सभेच्या चळवळीने (अमृतसर १८७३, लाहोर १८७९) तर छापखाना हेच आपले प्रमुख साधन बनविले. वृत्तपत्रे, पुस्तिका व शालेय पुस्तके यांतून शीख समाजाची नवी ओळख घडली. भाई वीरसिंग यांचे लेखनकार्य व १८९९ मध्ये सुरू झालेले 'खालसा समाचार' हे साप्ताहिक या टप्प्याची प्रातिनिधिक उदाहरणे होत.

याच काळातील एक प्रसंग मर्यादेचा प्रश्न स्पष्ट करतो. जर्मन विद्वान अर्न्स्ट ट्रम्प यांनी ग्रंथाच्या काही भागाचे इंग्रजी भाषांतर केले व ते १८७७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाले. अमृतसरच्या ग्रंथींसमोर, ग्रंथाच्या सान्निध्यात ट्रम्प यांनी चिरूट ओढला व त्यामुळे ग्रंथी दुखावले, असे सांगितले जाते. भाषांतरातील अनादराच्या सुरानेही समाजात तीव्र नाराजी पसरली. फरीदकोट संस्थानाच्या आश्रयाने तयार झालेली विस्तृत टीका आणि मॅक्स आर्थर मेकॉलिफ यांचा १९०९ मध्ये ऑक्सफर्डहून प्रसिद्ध झालेला सहा खंडांचा ग्रंथ ही या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागतात. येथे आक्षेप छपाईवर नव्हता, भाषांतरावरही नव्हता. शबदाजवळ कोणत्या वृत्तीने जावे, हा वादाचा विषय होता.

३. मुद्रणाने घडविलेले बदल

मुद्रणाने केवळ प्रतींची संख्या वाढविली असे मानणे अपुरे ठरेल. त्याने वाचनाची पद्धतही बदलली. जुन्या बिडांत शब्द एकमेकांना जोडून सलग ओळीत लिहिलेले असत. याला 'लडीवार' लेखन म्हणतात. कोणता शब्द कोठे संपतो हे कळण्यासाठी जाणकाराकडून पाठ घ्यावा लागे. विसाव्या शतकात शब्द सुटे करून छापलेल्या 'पदछेद' बिडा रूढ झाल्या. त्यामुळे सामान्य वाचकाला घरी बसून वाचणे शक्य झाले. मात्र शब्द तोडणे म्हणजे एका अर्थी अर्थनिर्णय करणे होय, आणि तो अधिकार कोणाचा, असा आक्षेप लडीवार परंपरेच्या पुरस्कर्त्यांनी घेतला. छापखान्यातील जुळारी आणि पाठ देणारा उस्ताद यांच्यातील अधिकाराचे हे स्थलांतर ध्यानात घेण्यासारखे आहे.

दुसरा बदल पृष्ठसंख्येचा. छापील बीड १४३० पृष्ठांची, शीख परिभाषेत १४३० 'अंगां'ची, असे प्रमाण स्थिर झाले. नांदेड येथील पाठक आणि कॅनडातील पाठक एकच अंग उघडू शकतो. संदर्भसूची, शब्दकोश आणि पुढे संगणकीय शोध यांचा पाया या एकरूपतेने घातला. तथापि एकरूपतेची दुसरी बाजूही आहे. हस्तलिखितातील चूक त्या एका प्रतीपुरती व तिच्या नकलांपुरती मर्यादित राहते. छापखान्यातील चूक एका दिवसात शेकडो प्रतींत जाते.

तिसरा बदल सर्वांत गंभीर होता. प्रत स्वस्त झाली, खासगी मुद्रक व पुस्तकविक्रेते बिडा छापू व विकू लागले. गठ्ठे बांधून गुरूची वाहतूक होते, ही कल्पनाच श्रद्धावंतांना असह्य होती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या व १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्याने वैधानिक अधिष्ठान मिळालेल्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने (यापुढे 'प्रबंधक समिती') बिडांचे मुद्रण हळूहळू आपल्या देखरेखीखाली आणले. १९४५ च्या 'शीख रहत मर्यादे'ने ग्रंथाच्या सन्मानाचे नियम लिखित स्वरूपात दिले. पुढे २००८ मध्ये पंजाब विधिमंडळाने 'जागत जोत श्री गुरू ग्रंथसाहिब सत्कार कायदा' संमत करून राज्यात बिडांचे मुद्रण, साठवण व वितरण यांचा अधिकार प्रबंधक समितीपुरता मर्यादित केला. समितीचे मुद्रण अमृतसरच्या रामसर परिसरात चालते. ज्या जागी भाई गुरदासांची लेखणी चालली, तेथेच आज ऑफसेट यंत्र चालते, आणि ते चालविणारे कर्मचारी डोके झाकून, अनवाणी काम करतात. जीर्ण बिडांवर गोइंदवाल येथे देहाप्रमाणे अग्निसंस्कार केला जातो. यंत्रातून निघालेल्या प्रतीलाही जन्म आणि अंत आहे, असे मानण्याची ही रीत होय.

परंतु कायद्याने जबाबदारीचा प्रश्न पूर्णतः सुटला नाही. २०२० मध्ये प्रबंधक समितीच्या प्रकाशन विभागाच्या नोंदींत ३२८ स्वरूपांचा हिशेब लागत नसल्याचे उघड झाले आणि मोठा क्षोभ उसळला. कोणत्याही अन्य प्रकाशनगृहात ही साठ्याच्या नोंदवहीतील तफावत ठरली असती. येथे ती गुरू बेपत्ता होण्याची घटना ठरली. एकाधिकार मिळालेल्या संस्थेवर किती मोठे दायित्व येते, याचा हा धडा होता.

४. लंगर : हात आणि यंत्र

लंगराची प्रथा गुरू नानकांच्या काळापासून चालत आली असून तिसरे गुरू अमरदास यांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले. आधी पंगत, मग संगत, हा त्यांचा दंडक प्रसिद्ध आहे. राजा असो वा रंक, एका पंक्तीत बसून जेवल्याशिवाय गुरूची भेट नाही. जातिभेदाला दिलेले हे प्रत्यक्ष उत्तर होते.

आज अमृतसरच्या दरबार साहिबातील लंगरात दररोज सुमारे ५० हजार ते एक लाख लोक जेवतात, असे सांगितले जाते. एवढ्या मोठ्या प्रमाणावरील स्वयंपाकात पोळ्या लाटून भाजणारी यंत्रे, कणीक मळण्याची यंत्रे व गॅसच्या मोठ्या शेगड्या यांचा वापर होतो. तरीही शेजारीच स्त्री-पुरुष सेवेकरी मांडी घालून पोळ्या लाटताना, लसूण सोलताना, भांडी घासताना दिसतात. निव्वळ कार्यक्षमतेच्या हिशेबात या हातांची आवश्यकता कमी झाली आहे. पण लंगराचा हेतू केवळ अन्न पुरविणे हा नसून सेवेतून अहंकार झिजविणे हाही आहे. भांडी घासणारे यंत्र भांडी स्वच्छ करील. परंतु एखाद्या अधिकाऱ्याने अनोळखी माणसाचे उष्टे ताट घासण्यातून जे साधते, ते यंत्राने साधणार नाही. म्हणून येथे यंत्राला मदतनिसाचे स्थान मिळाले, सेवेकऱ्याचे मिळाले नाही. यंत्राचा उपयोग नेमका कोठे थांबवावा, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

५. प्रसारण : शबद कोणाचा?

नव्या सोयींबाबत संकोच अजिबात नव्हता असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दरबार साहिबात विजेचे दिवे लावावेत की नाही, यावर अमृतसरमध्ये वाद झाला. पुढे वीज आली आणि ध्वनिक्षेपकही आले. त्यानंतरचा टप्पा रेडिओचा. दरबार साहिबातील कीर्तन थेट प्रसारित व्हावे, ही मागणी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अकाली आंदोलनाच्या मागण्यांत समाविष्ट होती. फेब्रुवारी १९८३ मध्ये केंद्र सरकारने जालंधर आकाशवाणी केंद्रावरून कीर्तन प्रसारित करण्यास मान्यता जाहीर केली. एक धर्मसमाज यंत्राला विरोध करण्याऐवजी ध्वनिलहरींवर आपला हक्क मागत होता, हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य होय.

उपग्रह वाहिन्यांच्या काळात हा हक्क व्यापारी करारांच्या चौकटीत गेला. दरबार साहिबातील गुरबाणीच्या प्रक्षेपणाचे हक्क एका खासगी वाहिनीकडे असणे हा दीर्घकाळ वादाचा विषय राहिला. २० जून २०२३ रोजी पंजाब विधानसभेने १९२५ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मंजूर केले. गुरबाणीचे प्रक्षेपण विनामूल्य व सर्वांसाठी खुले असावे, असा त्याचा आशय होता. प्रबंधक समितीने याला विरोध केला. धार्मिक व्यवहारात राज्य सरकारचा हस्तक्षेप नको आणि या कायद्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार राज्याला नाही, अशी तिची भूमिका होती. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये समितीने स्वतःची यूट्यूब वाहिनी सुरू केली.

दोन्ही पक्ष शीख मूल्यांचीच भाषा बोलत होते, हे लक्षणीय आहे. शबद सर्वांचा आहे, यावर एका बाजूचा भर होता. मर्यादा राखण्याचा अधिकार पंथाचा आहे, यावर दुसऱ्या बाजूचा. हस्तलिखितांच्या काळात एकत्र नांदणारी ही दोन मूल्ये उपग्रहाने आमनेसामने आणली.

६. संगणक, लिपी आणि प्रतिमा

संगणकावर गुरबाणी आणण्याचे प्रारंभीचे महत्त्वाचे काम अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. कुलबीरसिंग थिंड यांनी केले. त्यांनी गुरुमुखी फॉन्ट विकसित केले व संपूर्ण ग्रंथ संगणकीय स्वरूपात उपलब्ध करून दिला. सुरुवातीच्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी गुरुमुखी आकृत्या बसविलेल्या असत. फॉन्ट बदलला की मजकूर निरर्थक होई. मराठीत टंकलेखन करणाऱ्या प्राध्यापकवर्गाला हा अनुभव नवा नाही. १९९१ च्या पहिल्या युनिकोड आवृत्तीत गुरुमुखीला स्थान मिळाले. मात्र गुरू ग्रंथसाहिबाच्या लेखनातील 'उदात' व 'यकश' ही चिन्हे आधुनिक पंजाबीत प्रचलित नसल्याने तीत नव्हती. २००८ च्या ५.१ या आवृत्तीत त्यांचा समावेश झाला. एका मात्रेचाही लोप होऊ नये, या आग्रहाची दखल अशा रीतीने जागतिक तांत्रिक मानकाला घ्यावी लागली. येथे तंत्रज्ञानाने परंपरेला वळण लावले नाही, परंपरेने तंत्रज्ञानाला वळण लावले.

नकलेचे मोल इतिहासाने कठोरपणे शिकविले आहे. जून १९८४ मधील लष्करी कारवाईच्या वेळी दरबार साहिब परिसरातील शीख संदर्भ ग्रंथालय उद्ध्वस्त झाले. तेथील हस्तलिखितांपैकी किती जळाली व किती अन्यत्र नेली गेली, याविषयीचा वाद आजही मिटलेला नाही. या हानीच्या पार्श्वभूमीवर, २००३ पासून चंदिगड येथून पंजाब डिजिटल लायब्ररी हा उपक्रम हस्तलिखिते, वृत्तपत्रे व दस्तऐवज यांच्या संगणकीय प्रती तयार करीत आहे, ही बाब विशेष अर्थपूर्ण ठरते.

मात्र संगणकाने मर्यादेचे नवे प्रश्नही उभे केले. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दिसणारा शबद हा गुरू आहे की केवळ मजकूर? खिशात ठेवलेल्या यंत्राला रुमाला कोणता? व्यवहारात समाजाने असा भेद केला आहे की, विधिवत प्रकाश केलेला ग्रंथ हाच गुरू आणि पडद्यावरील मजकूर हे अभ्यासाचे साधन. प्रतिमेच्या बाबतीत मात्र भूमिका अधिक कठोर आहे. साहिबजाद्यांच्या बलिदानावरील 'चार साहिबजादे' (२०१४) या त्रिमितीय सचेतपटाला मोठा प्रेक्षकवर्ग लाभला. याउलट 'नानक शाह फकीर' या चित्रपटात गुरू नानकांची व्यक्तिरेखा संगणकीय चित्राद्वारे दाखविण्यात आली, तेव्हा तीव्र विरोध झाला. एप्रिल २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदर्शनास मोकळीक दिली, तरी अकाल तख्ताने निर्मात्याला पंथातून बहिष्कृत केले. ज्या परंपरेने गुरुपद देहाकडून शबदाकडे नेले, तिला यंत्राने गुरूला पुन्हा देह देणे मान्य होणार नाही, हे त्यामागील तर्कशास्त्र आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने गुरूंची चित्रे व ध्वनी कोणालाही घरबसल्या निर्माण करता येण्याच्या आजच्या काळात हा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. छापखान्याला कुलूप लावता येत होते. या यंत्राला ते लावता येत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) ज्या तंत्राने शबद अधिक लोकांपर्यंत पोहोचविला, ते शीख समाजाने तुलनेने लवकर आत्मसात केले. मुद्रण, रेडिओ व संगणकीय लिपी ही त्याची उदाहरणे होत.

२) सेवेच्या क्षेत्रात यंत्र पूरक मानले गेले. मानवी श्रमाचे नैतिक मूल्य कायम ठेवून यंत्राचा वापर मर्यादित करण्यात आला.

३) गुरूला दृश्य देह देणाऱ्या तंत्राला विरोध झाला. हा विरोध तंत्रज्ञानाला नसून १७०८ च्या निर्णयाच्या संरक्षणासाठी होता.

४) प्रत्येक टप्प्यावर प्रतींची संख्या वाढली आणि तिच्याबरोबर जबाबदारीचा प्रश्नही वाढला. त्याचे उत्तर प्रामुख्याने संस्था व कायदा यांच्या द्वारे शोधण्यात आले. २०२० व २०२३ च्या घटनांनी या उत्तराच्या मर्यादा दाखविल्या.

हस्तलिखिताच्या काळात ग्रंथाची मर्यादा लेखक राखीत असे, मुद्रणाच्या काळात ती संस्थेने राखली. आता ज्याच्या हाती यंत्र आहे त्या प्रत्येकाने ती राखावी, अशी वेळ आली आहे. शबद हाच गुरू हे तत्त्व स्वीकारलेल्या समाजाला हे अशक्य नाही, कारण त्या तत्त्वाने प्रत्येक अनुयायाकडे थेट शबदाचे दायित्व आधीच सोपविलेले आहे. आपल्या संतवाङ्मयाच्या प्रती पडद्यावर आणताना महाराष्ट्रातील अभ्यासकांनीही या अनुभवाचा विचार करणे अगत्याचे आहे. नामदेवांची पदे तर दोन्ही परंपरांची समाईक ठेव आहे.